आवाजांची कणगी

बोलींचा अभ्यास करणाऱ्याला साठवणीचा प्रश्न कधी चुकत नाही. शब्द वहीत उतरतो; त्याचा उच्चार मात्र पूर्णपणे उतरत नाही. अ. मा. घाटगे यांनी १९६६ साली महाडच्या कुणबी बोलीचे सर्वेक्षण प्रसिद्ध केले. त्यातील ध्वनिलेखनावरून जाणत्या अभ्यासकाला ती बोली बरीचशी उभी करता येते. पण सांगणाऱ्या बाईचा दम, वाक्याच्या अखेरीस उतरणारा सूर, मध्येच आलेले हसू या गोष्टी छापील पानाला पेलत नाहीत. म्हणूनच डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांच्या अलीकडच्या बोली-सर्वेक्षणात ध्वनिमुद्रणाला मध्यवर्ती स्थान मिळाले.

पोलादपूरहून उमरठकडे जाताना कापडे लागते. त्या गावी आणि आसपासच्या वाड्यांवर गेली वीसेक वर्षे मी ध्वनिमुद्रणे करीत आलो आहे. जात्यावरच्या ओव्या, नाचणीच्या लावणीची बोलणी, शेतांची आणि पाणवठ्यांची नावे असा तो ऐवज आहे. ज्यांनी हे सांगितले त्यांतील बहुतेक जणी आज हयात नाहीत आणि त्यांची नातवंडे मुंबईत वेगळी मराठी बोलतात. एखादी फीत गेली, तर पुन्हा विचारायला जावे असे दारच उरलेले नाही.

जपून ठेवण्याजोग्या दर्जाचे ध्वनिमुद्रण एका तासाला सुमारे दोन गिगाबाइट जागा घेते. एकाच हार्ड डिस्कवर ते ठेवणे म्हणजे सगळे बियाणे एका मडक्यात ठेवणे. डिस्क कधीतरी निकामी होतेच, आणि आधी सूचना देतेच असे नाही. तेव्हा महाविद्यालयातील दोन विद्यार्थ्यांच्या मदतीने मी ‘नॅस’च्या वाटेला लागलो. नॅस म्हणजे कोणा एकाच्या संगणकाला न जोडता जाळ्यालाच जोडलेली साठवणपेटी. विभागातील कोणीही आपल्या जागेवरून तिच्यातील फाइल उघडू शकतो.

पेटीच्या आत चार डिस्क आहेत. त्या दोन-दोनच्या जोडीने एकमेकींची प्रतिकृती राखतात. त्यांच्यावर ‘एल.व्ही.एम.’ नावाची व्यवस्था बसवली आहे, आणि मला तिचे फार कौतुक वाटते, कारण ती आपल्या खळ्यावर पूर्वीपासूनच चालत आली आहे. निरनिराळ्या खाचरांतले भात एका राशीत येते. राशीला लागल्यावर कुठला दाणा कुठल्या खाचरातला हे कोणी विचारत नाही. मग पायलीने मापून हे बियाण्याचे, हे खाण्याचे, हे देण्याचे असे कणग्या भरल्या जातात. एल.व्ही.एम. हेच करते. डिस्क ही खाचरे, त्यांचा गट ही रास, आणि प्रत्यक्ष वापरात येणारे खंड या कणग्या. पायली सहसा चार मेगाबाइटची असते. ओव्यांची कणगी भरत आली की राशीतून आणखी मापे घालायची. आतले काही बाहेर काढावे लागत नाही. रास संपत आली, तर नवी डिस्क जोडून ती वाढवायची. बांबूच्या कणगीला ही सोय नव्हती.

पण पेटीच बंद पडली तर? इथून ‘क्लस्टर’चे काम सुरू होते. तशीच दुसरी पेटी शेजारी ठेवायची, पहिलीवर लिहिलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी दुसरीवरही उतरवायचे आणि पहिली थांबली की दुसरीने तिच्याच पत्त्यावर उभे राहायचे. मात्र दुसरी पेटी असणे पुरेसे नाही. महाडजवळ सावित्रीवर दोन पूल होते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री ब्रिटिशकालीन जुना पूल वाहून गेला. शेजारचा नवा पूल शाबूत होता, तरीही दोन एस.टी. बस त्या अंधारात नदीत गेल्या. पूल पडल्याची वार्ता वाहनांपर्यंत पोचली नव्हती. क्लस्टरमधील यंत्रे दर काही क्षणांनी एकमेकांना ‘मी आहे’ असे कळवत राहतात ती याच वार्तेसाठी. इंग्रजीत तिला हृदयाचे ठोके म्हणतात.

खरी गुंतागुंत पुढेच आहे. ठोके थांबले म्हणजे दुसरे यंत्र मेलेच असे नव्हे. कदाचित मधली तारच तुटली असेल. अशा वेळी दोन्ही पेट्या स्वतःला एकमेव वारस समजून लिहू लागतात. जुन्या पोथ्यांशी परिचय असलेल्याला ही अवस्था ओळखीची वाटेल. एका मूळ पोथीवरून दोन मठांत दोन लेखक नकला करतात, आपापल्या समजुतीने दुरुस्त्या करतात आणि पाठभेद शिल्लक राहतो. पोथीचा संपादक पुढे तर्काने पाठ ठरवू शकतो. यंत्राला तो विवेक नाही. म्हणून तिथे तिसरा साक्षीदार लागतो. आम्ही एक लहानसा संगणक पंच म्हणून बसवला. तिघांपैकी दोघांचे एकमत झाल्याशिवाय कोणी लिहायचे नाही. विधिमंडळातला ‘गणपूर्ती’ हा शब्द इथे नेमका बसतो. शिवाय संशयित पेटीची वीज तोडण्याचा अधिकार दुसरीला दिलेला असतो. त्याला ‘कुंपण’ म्हणावे असे मी सुचवले. मूळ इंग्रजी संक्षेपाचा अर्थ ‘दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाल’ असा आहे. तो वर्गात उच्चारायला मला संकोच वाटतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. चुकून पुसलेली फाइल दोन्ही पेट्यांतून एकाच वेळी पुसली जाते. शिवाय दोन पेट्या एका खोलीत असल्या, तर पुराच्या दृष्टीने त्या एकच होत. जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच पावसात तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही माणसे दगावली. त्या बातम्यांपुढे फितींची चिंता क्षुद्र होती, हे खरे. पण त्या वाड्यांची बोली बोलणारे माणूस कमी झाले की उरलेल्या फितीचे मोल वाढते, हेही तितकेच खरे. पेट्या आता वरच्या मजल्यावर आहेत आणि दरमहा एक वेगळी प्रत पुण्याला जाते.

व्यवस्था पुरी झाल्यावर विद्यार्थ्यांनी एक ओवी लावली आणि ती चालू असतानाच पहिल्या पेटीची वायर उपटली. आवाज तुटला. अर्धे मिनिट खोलीत कोणी बोलले नाही. मग त्याच ओवीचा पुढचा शब्द आला, जात्याच्या घरघरीसकट. एक विद्यार्थिनी पोलादपूरकडचीच आहे. ती म्हणाली, “सर, ह्या आजी शेताचं नाव सांगतायत, ते तुमच्या यादीत नाही.” खरोखरच नव्हते. ते यादीत घालून ते शेत नेमके कोणत्या वाडीचे, हे विचारायला पुढच्या महिन्यात ती कापडे गावी जाणार आहे.