रक्त आमचं, मग विचारायचं कोणी?

मैत्रिणींनो, गेल्या वर्षी आमच्या धाकट्याचं रक्त एकाच आठवड्यात दोन दवाखान्यांत काढलं. पहिला रिपोर्ट माझ्या पिशवीतच होता, पण दुसऱ्या ठिकाणी तो कुणी पाहिलाही नाही. पोर कळवळलं नि मी गप्प! म्हटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांना आपण काय विचारायचं?

पुढे अमेरिकेतल्या शॅरन टेरी ह्या आईची हकीकत वाचनात आली नि मनाला चुटपुट लागली. १९९४ च्या डिसेंबरात त्यांच्या दोन्ही मुलांना ‘पीएक्सई’ हा दुर्मिळ आनुवंशिक आजार असल्याचं कळलं. त्यात कातडीत, डोळ्यांत नि रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साचत जातं, नजरही अधू होऊ शकते. काही दिवसांतच संशोधक आले, मुलांचं रक्त घेऊन गेले. पाठोपाठ दुसरे हजर! "आधी नेलंय त्यातलंच वाटून घ्या की," असं म्हणावं, तर ते जमेना. दोघांत चढाओढ ना!

शॅरनबाई काही डॉक्टर नव्हत्या, नि यजमान पॅट्रिक बांधकामाच्या धंद्यातले. पण दोघं वैद्यकीय शब्दकोश घेऊन शास्त्रीय लेख वाचायला बसली. १९९५ मध्ये त्यांनी रुग्णांची संस्था काढली, ठिकठिकाणचे रुग्ण जोडले नि रक्ताच्या नि पेशींच्या नमुन्यांची स्वतःची पेढीच उभारली. संशोधकांना सांगितलं, नमुने जरूर न्या, पण जे सापडेल त्यात रुग्णांचाही वाटा हवा. रात्री उसन्या जागेवर प्रयोगशाळेतही त्या राबल्या. २००० साली ह्या आजाराचं जनुक सापडलं, इतर गटांनाही त्याच सुमारास. २००४ मध्ये मिळालेलं पेटंट रुग्णांच्या संस्थेकडे आलं.

आजार समूळ घालवणारं औषध अजून नाही, हे खरं. पण ह्या बाई शास्त्रज्ञांशी भांडत बसल्या नाहीत, की हात जोडून उभ्याही राहिल्या नाहीत. त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या!

आपल्याला पेढी नको काढायला. पण घरातल्या प्रत्येकाची एक फाईल ठेवा, कागद तारीखवार लावा. पुन्हा तपासणी खरोखरच लागते कधीकधी. ती का, एवढं मात्र विचारा.

परवा मी विचारलं, "डॉक्टर, आधीचा रिपोर्ट चालेल का?" आवाज जरा कापलाच. डॉक्टरांनी चष्मा चढवून कागद पाहिला नि म्हणाले, "चालेल की. आज सुई नको."

धाकट्याचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही!