हा आजार फक्त आदिवासींचा नाही

लेकीच्या हाताला सलाईन लागले की दोन-तीन तास आम्हाला दुसरे काम नसते. थेंब पाहायचे आणि विचार करायचा. दुखणे उसळले की तिवस्याहून एसटीने अमरावती, चिठ्ठी, सलाईन, दुखण्याचे इंजेक्शन, संध्याकाळी परत. हिमोग्लोबिन फारच उतरले तर रक्ताची पिशवी.

तिला सिकलसेल आहे. हे कळायलाच तीन वर्षे गेली. हातपाय ठणकायचे, तर एका खाजगी डॉक्टरांनी वात ठरवला. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या, अशक्तपणा म्हणून सलाईन! सोल्युबिलिटीची साधी, स्वस्त चाचणी सांगितली नाही. कारण त्यांच्या मते हा आजार मेळघाटातला.

वास्तविक शुक्ला आणि सोलंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलची नोंद १९५८ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये छापली होती. विदर्भातील पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात हा आजार मोठ्या प्रमाणात आहे, हेही पुढच्या पाहण्यांत वारंवार दिसले. तरी १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेले राष्ट्रीय अभियान मुख्यतः आदिवासी भागांवर बेतलेले आहे. आदिवासी बांधवांचे कमी करा, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. त्यांनाही पुरेसे कुठे मिळते? पण आमच्या वस्तीत तपासणी कधी, यासाठी आपले निवेदन तहसीलवर का जात नाही? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे, हे तरी किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे?

दोष सरकारचाच नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "सांगू नोका कोनाले, पोरीची सोयरीक नाई जुयनार." आम्ही दोघे नवराबायको वाहक निघालो. आम्हाला कधी त्रास नाही, म्हणून कधी तपासलेच नाही. दोघे वाहक असले की प्रत्येक खेपेला मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक. पत्रिका पाहणे आपण धम्मदीक्षेनंतर सोडले म्हणतो. मग लग्नाआधी हा एक कागद पाहायला काय हरकत आहे?

१४ एप्रिलच्या बैठकीत आम्ही सांगणार आहोत, यंदा डीजेला वर्गणी नाही, विहारात तपासणीचे शिबिर लावा. लेक म्हणाली, "बाबा, फलकावर माझं नाव लिहा, लपवू नका." तिची आई गप्पच होती. मग म्हणाली, "बाटली संपत आली, सिस्टरला बोलवा."