जपमाळेनंतरचा चित्रपट

चित्रपटाचा विषय निघाला की आपल्या कुटुंबांत दोन पक्ष पडतात. एका पक्षाला सिनेमा म्हणजे केवळ मोहाचे द्वार वाटते. दुसरा पक्ष मुलांच्या हाती मोबाईल देऊन मोकळा होतो आणि ती काय पाहतात याची चौकशीही करीत नाही. मी अनेक वर्षे पहिल्या पक्षात होतो. गेल्या पावसाळ्यापासून माझे मत पालटले. ते कसे पालटले हे प्रांजळपणे सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू.

आमचे भीमपूर आदिलाबाद जिल्ह्याच्या उत्तर भागात आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र लागतो. आमच्या घरातील मुले शाळेत तेलुगू शिकतात, बाजारात तेलुगू व हिंदी बोलतात. मराठी उरते ती चुलीपाशी आणि जपमाळेच्या वेळी. नातवाचे मराठी अडखळू लागलेले पाहून सूनबाई एके दिवशी म्हणाली, "मामाजी, शनिवारी जपमाळ झाल्यावर सगळ्यांनी मिळून एखादा जुना मराठी चित्रपट पाहू या का?" मी नाखुशीनेच रुकार दिला. पहिल्याच शनिवारी नातवाने तक्रार केली, "आजोबा, याला तर रंगच नाही!"

तो चित्रपट होता प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम'. दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा 1936 सालचा बोलपट 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ख्रिस्ती घरात वारकरी संताचा चित्रपट कशाला, अशी शंका माझ्याही मनात डोकावली. परंतु अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे त्याचा ख्रिस्तसभा अव्हेर करीत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 सालीच स्पष्ट केले आहे. शिवाय ज्या दादासाहेब फाळके यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' काढून भारतीय चित्रपटाचा पाया घातला, त्यांना ती स्फूर्ती मुंबईत प्रभू येशूच्या जीवनावरील एक मूकपट पाहून झाली होती. ख्रिस्तचरित्र पाहून त्यांचे मन जर आपल्या देवादिकांकडे वळले, तर तुकोबांचे चरित्र पाहून आपले मन आपल्या घराकडे वळायला काय हरकत?

आणि माझे तसेच झाले. विष्णुपंत पागनीस यांचे तुकाराम पाहून मी तल्लीन झालो होतो. पण माझ्या पत्नीची दृष्टी जिजाईवर खिळली होती. गौरी या नटीने ती भूमिका केली आहे. घरात दाणा नाही, मूल आजारी, आणि नवरा भजनात रंगलेला. तेव्हा ही बाई संतापून पायातील वहाण घेऊन थेट विठोबापुढे उभी राहते. आरंभी आमच्या घरात हशा पिकला. मग पत्नी हसायची थांबली. शेवटी तुकाराम वैकुंठाला निघतात, जिजाईलाही बोलावतात. ती मात्र घर सोडीत नाही. चित्रपट संपल्यावर पत्नी हलकेच म्हणाली, "अहो, ही बाई मला ठाऊक आहे."

वाचकहो, या एका वाक्याने मला जाग आली. तरुणपणी मी धर्मग्रामाच्या कामात सदैव पुढे असे. कोठे अंत्यविधी, कोठे नोव्हेना, कोठे मुलांची धर्मशिकवणी. शेतातील निंदणी मात्र तिच्या माथी. एका वर्षी कपाशीच्या बियाण्यासाठी ठेवलेले पैसे मी तिला न विचारता एका गरजवंताला देऊन आलो. तिने हातातल्या पाटल्या गहाण ठेवून बी आणले. त्या पाटल्या पुन्हा सुटल्या नाहीत. पुढे दानधर्माचे उदाहरण म्हणून मी ती गोष्ट चारचौघांत अनेकदा सांगितली. पाटल्यांचा उल्लेख मात्र एकदाही केला नाही. त्या रात्री नातवादेखत मी तो केला आणि तिची क्षमा मागितली. एवढ्या वर्षांच्या पापनिवेदनांत जे मला सुचले नव्हते, ते एका जुन्या बोलपटाने सुचवले.

हाच चित्रपट मी आदिलाबादला चित्रपटगृहात पाहिला असता, तर तुकोबांची थोरवी गात घरी परतलो असतो. तेथील अंधारात पत्नीचे मौन मला कळले नसते. घरी चित्रपट मध्येच थांबवता येतो, अडलेला शब्द विचारता येतो, शेजारी बसलेल्याचा चेहरा दिसतो. जुन्या चित्रपटांची गती संथ असते, हा त्यांचा दोष मानतात. मला तो गुण वाटतो. त्या संथपणात माणसाला स्वतःविषयी विचार करायला अवसर मिळतो.

नंतरच्या शनिवारी आम्ही 1941 सालचा 'शेजारी' पाहिला. धरणाच्या कामावरून दुरावलेल्या हिंदू व मुसलमान मित्रांची ती कथा आजच्या मुलांना फारशी ठाऊक नाही. त्यात मिर्झाची भूमिका गजानन जागीरदार यांनी केली आहे. पुढे 1957 सालचा 'दो आँखें बारह हाथ' पाहिला. सहा खुनी कैद्यांवर विश्वास टाकणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्याच्या या हिंदी चित्रपटाला 1958 साली बर्लिन येथे आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संस्थेचेही पारितोषिक मिळाले होते. नातू आता रंगाचे नाव काढीत नाही.

जुने तेवढे सोने, असे मात्र माझे म्हणणे नाही. कित्येक जुन्या चित्रपटांत स्त्रीने मुकाट्याने सोसणे हाच तिचा धर्म ठरवला आहे. म्हणून वडीलधाऱ्यांनी आधी पाहून निवड करावी आणि नंतर घटकाभर सर्वांनी मिळून बोलावे. पोप अकरावे पायस यांनी 1936 साली चित्रपटांविषयी खास परिपत्रक काढले, तेही चित्रपटाला केवळ दोष देण्यासाठी नव्हे. कोरड्या उपदेशापेक्षा चित्र मनावर अधिक ठसते, म्हणूनच त्याविषयी जागरूक राहावे, असा त्याचा आशय आहे.

यंदा कापूस विकला तेव्हा पाटल्यांसाठी मी पैसे बाजूला काढले. पत्नी म्हणाली, "माझ्या हातांना आता सवय राहिली नाही. सूनबाईला करा." पाटल्या सूनबाईच्या हाती गेल्या. पण त्या कोणाच्या होत्या, हे आता आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे.