पासष्ट हजार पाचशे पस्तीस

६५,५३५ हा आकडा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. सोळा बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या! व्हायवाला सर विचारतात, आपण सांगतो आणि विसरतो. पण याच आकड्याने २०१९ साली जगभरातल्या लिनक्सवाल्यांची झोप उडवली.

झालं असं. डेटा पाठवताना मधले तुकडे हरवले, तर समोरचा कॉम्प्युटर "एवढे मिळाले, तेवढे राहिले" असं कळवतो. याला सॅक म्हणतात. पोचपावती येईपर्यंत कर्नल तुकड्यांचे गठ्ठे बांधून ठेवतो. एका गठ्ठ्यात जास्तीत जास्त १७ भाग, एकेक भाग ३२ केबीपर्यंत. आता समोरच्याने मुद्दाम "मला ८-८ बाइटचाच घास भरव" असा हट्ट धरला, तर घास होतात ६९,६३२. मोजणारा काउंटर मात्र सोळा बिटांचा! तो ओसंडतो, कर्नल हात टेकतो आणि अख्खं मशीन बंद. नेटफ्लिक्सच्या जोनाथन लूनी यांनी ही खोट शोधली. नाव पडलं 'सॅक पॅनिक'. २००९ च्या २.६.२९ पासून ती कर्नलमध्ये होती. म्हणजे तब्बल दहा वर्षं!

यात पासवर्ड चोरीला जात नाही, पैसे जात नाहीत. मग एवढं काय, असं कुणीही म्हणेल. त्याने हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावी येऊन माझ्या आजीला विचारावं. रेशनच्या रांगेत उन्हात उभं राहून शेवटी "मावशी, सर्व्हर डाऊन हाय, उद्या या" ऐकलं, की तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो. कारण नेटवर्क असो, लाईट असो, नाहीतर बग. कॉन्व्हेंटमध्ये मी 'डिनायल'चं स्पेलिंग शिकले, अर्थ आजीकडून.

सॅक पॅनिकचा पॅच १७ जून २०१९ ला, खोट जाहीर झाली त्याच दिवशी आला. पण पॅच नुसता येऊन भागत नाही, तो बसवणारं माणूस लागतं. पुण्या-मुंबईत ते मिळतं. आमच्याकडे? औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही वेधशाळा होणार आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी मंजूर केले. तिथेही कॉम्प्युटर असणार, आणि रेशनच्या मशीनइतकीच त्यांचीही निगा कुणीतरी राखावी लागणार. कॅम्पसमधून आपण सगळेच बाहेर उडणार, मान्य. पण दोघं-चौघं तरी परत फिरा, यार!