नैवेद्याबाहेरचा डबा

‘शेवटी सगळे धर्म एकच सांगतात’ हे वाक्य आमच्या हैदराबादेतल्या काचीगुड्याच्या मराठी घरांत चहाबरोबर बिस्किट यावं तितक्या सहज येतं. पाहुणा पुण्याहून आलेला असेल आणि सकाळी चारमिनार, दुपारी सालारजंग उरकून बसला असेल, तर हमखास. वाक्य चांगल्या मनाने म्हटलेलं असतं. फक्त ते खरं नाही.

एकच मुद्दा घ्या. येशू क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, यावर ख्रिस्ती धर्म उभा आहे; गनफाउंड्रीच्या सेंट जोसेफ कॅथीड्रलमध्ये गुड फ्रायडेला लोक जमतात ते त्यासाठीच. कुराणाचा चौथा सूरा म्हणतो की त्याला मारलं गेलं नाही, सुळावर चढवलं गेलं नाही, लोकांना तसं भासलं. तेच कुराण ईसाला मसीहा म्हणतं, आणि मरियमच्या नावाचा एक सबंध सूरा त्यात आहे. जिव्हाळा दोन्हीकडे, आणि फारकत नेमकी कळीच्या घटनेवर. यहुदी सांगतील, मसीहा अजून यायचाय. तिघंही अब्राहामाचं नाव घेणारे, तिघांचाही देव एकच. पण क्रुसावरची ती घटना एक तर घडली किंवा घडली नाही. इथे ‘दोघांचंही बरोबर’ म्हणणारा दोघांपैकी कुणाचंच नीट ऐकत नसतो.

आपल्याला हे जड जातं, कारण देव्हाऱ्यात आणखी एकाला सरकवून जागा करायची आपल्याला सवय. गजानन महाराजांच्या शेजारी येशूची तसबीर लावलेली घरं मी पाहिली आहेत. मोठ्या मनाची गोष्ट, यात वाद नाही. पण त्यांच्या लेखी जो एकमेव, तो आमच्या अनेकांतला एक, हासुद्धा एक दावाच झाला, आणि तो आपण समोरच्याला न विचारता करून मोकळे होतो.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त उर्दू शिक्षिका राहतात. आई त्यांना आपा म्हणते, त्या आईला भाभी. त्या राहायला आल्या त्या वर्षी गणपतीत आईने तळणीच्या मोदकांचा डबा खाली पाठवला. थोड्या वेळाने आपा स्वतः जिना चढून आल्या. ‘भाभी, ये पूजा के पहले का है या बाद का?’ नंतरचा आहे म्हटल्यावर दोन्ही हातांनी डबा परत दिला. ‘बुरा नक्को मानो, हमारे में चलता नइं.’

आजी बिथरली. नैवेद्याआधी घरातून काही बाहेर जाणार नाही, हा तिचा कायदा. पुढच्या वर्षी आईने त्यातून वाट काढली. पहिला घाणा देवाचा. एकवीस मोदक ताटात, आणि नैवेद्य झाल्यावर त्यातला एकही परत परातीत मिसळायचा नाही. आपांचे नंतरच्या घाण्यातले, वेगळ्या डब्यात झाकून ओट्यावर. आरती झाली की मगच डबा खाली. आजीचं मोडलं नाही, आपांचंही मोडलं नाही. ‘देव नको, मोदक तेवढे हवेत!’ आजी एकदा त्यांच्या समोरच म्हणाली. आपांना मराठी चांगलं समजतं. ‘हौ अम्मा,’ त्या म्हणाल्या, ‘एकदम बरोब्बर.’

(आजीने मात्र ईदचा शीरखुर्मा कधी तोंडाला लावला नाही. तिचा आक्षेप देवाचा नव्हता, भांड्यांचा होता. तो श्रद्धेच्या नावाखाली खपून गेला.)

आपा गणपतीला मानत नाहीत आणि हे लपवतही नाहीत. मला ते ‘सगळं एकच’पेक्षा जास्त आदराचं वाटतं. माझं त्यांना चुकीचं वाटतं, म्हणजे निदान त्यांनी ते मनावर घेतलं आहे.

वाद घालायला निघालेल्यांचं काय होतं, याची एक गोष्ट इथल्याच शिवरामपल्लीतल्या एका संस्थेची आहे. हेन्री मार्टिन हा इंग्रज पाद्री १८०६ साली कलकत्त्याला उतरला, त्याने नवा करार उर्दूत आणला, आणि १८११मध्ये मुंबईमार्गे इराणात शिराजला गेला. तिथल्या मौलवींशी तो येशूच्या ईश्वरत्वावर भांडला. पण राहिला एका मुसलमानाच्याच घरी, आणि नव्या कराराचं फारसी भाषांतर त्याने केलं तेही मिर्झा सय्यद अली या मुसलमान विद्वानाला बरोबर घेऊन. पुढच्या वर्षी तुर्कस्तानात तोकातला वारला, एकतीस वर्षांचा. त्याच्या नावाची संस्था १९३०मध्ये लाहोरला निघाली, मुसलमानांत धर्मप्रसार करणाऱ्यांना तयार करायला. फिरत फिरत ती सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला हैदराबादला आली. १९९०च्या डिसेंबरात जुन्या शहरात दंगल पेटली, आणि संस्थेची माणसं सुलतानशाहीसारख्या वस्तीत हिंदू-मुसलमान दोन्हींकडच्या बायकामुलांत काम करू लागली. आज ती आंतरधर्मीय संवादाची संस्था म्हणून ओळखली जाते. क्रुसाचा प्रश्न सुटला म्हणून हे झालं नाही. तो जिथल्या तिथे आहे.

आमच्या लोकांनीही दावे कमी केले नाहीत. सुलतान बाजारातला आर्य समाज एकाच निराकार ईश्वराचा, आणि ‘सत्यार्थप्रकाशा’चा तेरावा समुल्लास बायबलवर, चौदावा कुराणावर तुटून पडणारा. आर्य समाजी आणि मुसलमान, मूर्ती नाकारणारे, एकच ईश्वर मानणारे हे दोन पक्ष निजामाच्या राज्यात एकमेकांना सर्वांत जास्त बोचले. निजामाविरुद्धच्या १९३८-३९च्या सत्याग्रहात मराठवाड्यातले कितीतरी तरुण तुरुंगात गेले. तोवर भांडण ईश्वरापेक्षा राज्य कुणाचं, शाळा कुणाच्या, यावर आलेलं होतं. दाव्याच्या मागे पोलीस उभा राहिला की तो दावा उरत नाही.

मराठीत या प्रश्नाशी सरळ भिडले ते जोतीराव फुले. अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर डाव्या हाताने लिहिलेल्या, १८९१मध्ये त्यांच्या पश्चात निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एक घर कल्पिलं आहे. बाई बौद्ध, नवरा ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. ज्याने त्याने ग्रंथ वाचून आपला धर्म निवडलेला, आणि कुणी कुणाचा द्वेष करायचा नाही. सगळं एकच, असं फुले म्हणत नाहीत. वेगळं निवडा आणि एका छपराखाली राहा, म्हणतात. मला त्या घराचं पुढचं प्रकरण वाचायचंय: नवरा वारल्यावर त्याला आमच्या नारायणगुड्याच्या ख्रिस्ती दफनभूमीत न्यायचं की अंबरपेटच्या स्मशानात, आणि मुलीच्या निकाहाला भावाने वकील म्हणून सही करायची की नुसतं जेवून यायचं, हे त्या चौघांनी एकमेकांना काय बोलून ठरवलं असेल.