हिरवा दिवा

भोसरी एमआयडीसीत गुरुवारी सुट्टी असते. २०२२ सालच्या अशाच एका गुरुवारी दोन पोरं आली आणि माझ्या पाच सीएनसी मशीनवर काळ्या डब्या बसवून गेली. मेन केबलला करंट मोजणारा सेन्सर, मशीनच्या डोक्यावर दिवा आणि बाजूला एक टॅब. मशीन चालू असलं की हिरवा, थांबलं की लाल. का थांबलं, ते ऑपरेटरनं टॅबवर दाबायचं: सेटिंग, टूल बदल, माल नाही, लाइट नाही, इतर. जिचं जॉबवर्क आम्ही करतो, त्या कंपनीनं मशीनचा डेटा मागायला सुरुवात केली होती. म्हणून हा खर्च.

तोवर कुणी विचारलं तर मी छातीठोकपणे सांगायचो, आमची मशीन ८० टक्के वेळ चालतात. पहिल्या महिन्याचा आकडा आला ४६. आणि थांबण्याचं सगळ्यांत मोठं कारण होतं ‘इतर’.

मग मी जे केलं, ते आज सांगताना लाज वाटते. दाराशी फळा लावला, त्यावर ऑपरेटरांची नावं लिहिली आणि प्रत्येकापुढे त्याची लाल मिनिटं. ज्याची मिनिटं जास्त, त्याचा बोनस कापला.

दुसऱ्या महिन्यात आकडा ७१ वर गेला. पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. पण टेम्पोत चढणारा माल होता तेवढाच राहिला. हिशेब काही केल्या जुळेना. शेवटी एका रात्री पावणेदोनला न सांगता शॉपवर गेलो. टर्निंग सेंटरवर हिरवा दिवा, आत कूलंटची धार, टरेट पुढे-मागे. जवळ जाऊन काचेतून पाहिलं तर चकमध्ये संध्याकाळीच तयार झालेला जॉब पुन्हा धरलेला. टूल त्याच्या अंगावरून नुसतं फिरत होतं, एक चिप पडत नव्हती. ऑपरेटर लातूरकडचा, आयटीआय करून आलेला पोरगा. मान खाली घालून एवढंच म्हणाला, “लाल लागला की नाव फळ्यावर जातं, शेठ.”

त्याला काही बोललो नाही. पण फळा मात्र तसाच ठेवला. डिजिटल म्हणजे पैसे पाण्यात, असं मित्रांना सांगत राहिलो.

सप्टेंबर २०२३ मध्ये काही उद्योजकांबरोबर जर्मनीत हॅनोव्हरला ईएमओ हे मशीन टूल्सचं प्रदर्शन बघायला गेलो. ‘इंडस्ट्री ४.०’ हा शब्द २०११ साली याच शहरातल्या औद्योगिक मेळ्यातून जगभर पसरला. प्रदर्शनातली चकचकीत मशीनं बघून डोळे दिपतात, शहाणपण येत नाही. ते आलं नंतर स्टुटगार्टजवळच्या एका लहानशा कारखान्यात. माणसं चोवीस. रात्री शॉपमध्ये कुणीच नसतं, रोबो पॅलेटवरून जॉब उचलून मशीनमध्ये लावत राहतो. मालकाला विचारलं, एवढी गुंतवणूक कशासाठी? तो म्हणाला, “माणूस मिळत नाही.” त्यांच्याकडे मशिनिस्टचं शिक्षणच साडेतीन वर्षांचं, थोडं शाळेत, बरंचसं कारखान्यात. ते करायला नवी मुलं तयार नाहीत.

मी मनातल्या मनात गणित मांडलं. त्याच्याकडे माणूस महाग आणि कर्ज स्वस्त, माझ्याकडे नेमकं उलटं. त्यात आमच्याकडे लाइट नुसती लपकली तरी मशीन बंद पडतं, पुन्हा होमिंग करावं लागतं, म्हणजे ते मूळ जागेवर आणावं लागतं, आणि अर्धा कापलेला जॉब भंगारात जातो. तो रोबो मला परवडणारा नव्हता आणि पुरणाराही नव्हता.

पण त्याच्या मशीनवरही माझ्यासारखेच दिवे होते. म्हणून विचारलं, ऑपरेटरांच्या नावांचा फळा कुठे आहे? दुभाष्यानं प्रश्न दोनदा सांगितला तेव्हा त्याला कळला. मग त्यानं समजावलं. जर्मनीत १९७२ चा कायदा आहे. कामगारांचं वागणं किंवा काम मोजू शकेल असं यंत्र जिथे कामगारांनी निवडलेली कामगार परिषद आहे तिथे बसवायचं, तर तिची संमती लागते. त्याच्याकडे परिषद होती. वाटाघाटींत बरेच महिने गेले, तो वैतागलाही होता. शेवटी करार झाला: आकडे मशीनच्या नावानं ठेवायचे, माणसाच्या नाही, आणि पगाराशी त्यांचा संबंध नाही.

परत आलो आणि फळा पुसला. कापलेला बोनस पुढच्या पगारात दिला. आमच्याकडे तात्या म्हणून जुने सेटर आहेत, एचएमटीच्या लेथवर हात बसलेला माणूस. त्यांना म्हटलं, “तात्या, ते ‘इतर’ काढून टाकू. त्या जागी काय लिहायचं ते तुम्ही सगळे ठरवा.”

तात्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “खरं लिहिलं तर चालंल ना, शेठ?”

चार दिवसांनी टॅबवर तीन नवी बटणं आली: गेजची वाट, इन्सर्टची वाट, शेठची वाट.

महिन्याच्या शेवटी ‘शेठची वाट’ पहिल्या नंबरावर होती. प्रत्येक सेटिंगनंतर पहिला जॉब मी मोजायचा, मी सही करायची, मगच बॅच सुरू, हा माझाच नियम. मी बँकेत असलो, कंपनीत मीटिंगला असलो की मशीन उभं. इन्सर्टच्या, म्हणजे टूलच्या टोकाला लावायच्या कापणाऱ्या तुकड्यांच्या, कपाटाची चावीही माझ्याच खिशात. रात्रपाळीला इन्सर्ट तुटला तर सकाळपर्यंत करायचं काय? त्या लातूरच्या पोरानं त्या रात्री काय केलं, ते मी पाहिलंच होतं.

चावी तात्यांना दिली. पहिला जॉब पास करायचा शिक्का दोन सेटरांकडे दिला. मायक्रोमीटर माझ्यापेक्षा त्यांच्या हातात जास्त वेळ असतो, हे मला आधीही माहीत होतंच.

आज आकडा ५८ आहे. ८० नाही, पण टेम्पोत चढणाऱ्या मालाशी जुळतो. ‘शेठची वाट’ हे बटण अजून टॅबवर आहे. परवाच एकदा दाबलं गेलं, एकवीस मिनिटं. फोन सायलेंटवर टाकून मी लग्नात जेवत होतो.