तबकडीवरची चकली

बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाला कान असतात, असं सहसा कुणी धरून चालत नाही. काउंटरपलीकडचा माणूस काय बोलतो ते आम्हांला ऐकू येत नाही, अशी जनतेची पक्की समजूत आहे, आणि जनता अगदीच चुकते असंही नाही. तरीदेखील गेल्या दिवाळीत 'आवाज' या नाजूक विषयावर निकाल देण्याची पाळी अस्मादिकांवर आली. त्याचा हा वृत्तान्त.

मूळ आमच्या शाखेतल्या एका सहकाऱ्यात आहे. त्यांचं खरं नाव सांगत नाही. आपण त्यांना सूक्ष्मकर्ण म्हणू. या गृहस्थांनी प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून तबकड्या वाजवण्याचं यंत्र घेतलं. अर्जावर कारण लिहिलं होतं, 'घरदुरुस्ती'. यंत्र घरी पोचल्यावर वहिनींनी दुरुस्ती केली ती यांचीच. यंत्राबरोबर अँप्लिफायर आला आणि कपाटाएवढे दोन स्पीकर आले. सोफा गॅलरीत गेला. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा लागतो म्हणे. त्या तिसऱ्या बिंदूवर एक खुर्ची आहे. पाहुणे दोन आले, की एकालाच संगीत कळतं. दुसऱ्यानं चहा प्यायचा.

"डिजिटलमध्ये जीव नाही हो!" सूक्ष्मकर्ण रोज डबा खाताना मला सांगत. "त्यात आवाजाचे तुकडे तुकडे करतात. पायऱ्या पायऱ्या! तबकडीत सूर कसा अखंड, तुपाच्या धारेसारखा!"

मी पडलो बी. कॉम. तुपाच्या धारेवर माझा विश्वास नाही. ती वाढणाऱ्याच्या हातावर अवलंबून असते. मी आकडे मागतो. म्हणून एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

कॉम्पॅक्ट डिस्क ही चकचकीत चकती जपानात बाजारात आली १९८२ साली. तिच्यात एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० वेळा मोजमाप घेतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ खुणांच्या पट्टीवर नोंदवतात. हे वाचताना माझा ऊर भरून आला. अहो, ही तर आमचीच विद्या! सेकंदाला ४४,१०० नोंदी, त्याही डावा-उजवा अशा दोन खात्यांवर, आणि मध्ये चहाची सुट्टी नाही. 'पायऱ्या'चा आरोपही टिकेना. शास्त्र असं सांगतं, की सर्वांत बारीक आवाज सेकंदाला जितक्या वेळा कंप पावतो, त्याच्या दुपटीहून अधिक वेळा नोंद घेतली, तर त्या नोंदींतून मूळची गुळगुळीत रेषा पुन्हा काढता येते. माणसाचा कान फार तर वीस हजार कंपनांपर्यंत जातो. त्याची दुप्पट चाळीस हजार, वर ४,१०० मार्जिन. शिवाय हा वीस हजारांचा कान पोरवयातला. चाळिशी उलटली, की बहुतेकांचं दुकान पंधरा हजारांच्या आसपासच बंद होतं.

मग तबकडीकडे वळलो. एल.पी. मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एक बाजू बावीस मिनिटं चालली, तर सव्वासातशेच्या वर फेरे झाले. बाहेरचा घेर मोठा, आतला लहान. सरासरी काढून गुणाकार केला तर सुई एका बाजूत अदमासे पावणेपाचशे मीटर चालते. बावीस मिनिटांत पावणेपाचशे मीटर! हा वेग आमच्या शाखेतल्या फायलीशी तंतोतंत जुळतो. त्यातही बाहेरच्या कडेला ती सेकंदाला अर्धा मीटर जाते, आणि आत येता येता निम्म्याहून कमी. त्यामुळे बाजू संपत आली, की आवाजातला बारकावा जरा कोंदतो. महिनाअखेरीला आपलं होतं तसंच.

आणखी एक गंमत. खर्जाचे सूर जसेच्या तसे कापले, तर त्यांच्या रुंद लाटांनी तबकडी लगेच भरून जाईल. म्हणून कापताना खर्ज घटवतात आणि वाजवताना तेवढाच वाढवून परत देतात. त्याचं ठराविक कोष्टक १९५४ पासून चालत आलं आहे. आधी कापून घ्यायचं आणि मग परत द्यायचं, याला आमच्याकडे टी.डी.एस.चा परतावा म्हणतात. फरक इतकाच, की तबकडीवाले तो वेळेवर देतात.

हा सगळा ताळेबंद मी सूक्ष्मकर्णांपुढे ठेवला. जामिनाशिवाय कर्ज मागणाऱ्याकडे आपण पाहतो तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा मी शेवटचं पान टाकलं. अमेरिकेतली एक नामांकित कंपनी अस्सल जुन्या पद्धतीच्या म्हणून महागड्या तबकड्या विकत होती. २०२२ साली बाहेर आलं, की त्यांतल्या पुष्कळ तबकड्यांच्या तयारीत मध्ये एक डिजिटल पायरी होती, आणि भल्याभल्या कानसेनांना ती वर्षानुवर्षं ओळखू आली नव्हती.

सूक्ष्मकर्णांनी डब्याचं झाकण लावलं. "त्या कंपनीच्या माझ्याकडे दोन आहेत," ते हळूच म्हणाले.

इथवर प्रकरण कचेरीतलं होतं. ते घरात शिरलं अण्णांमुळे. अण्णा म्हणजे आमचे वडील. वय ७९, पोस्टातून निवृत्त. आमच्या आजोबांच्या काळात ७८ फेऱ्यांच्या तबकड्या होत्या. त्यांत लाख असे. पोस्टात अण्णा पिशव्यांना सील करत ती लाख. त्यामुळे तबकडी ही पोस्टाचीच एक शाखा आहे, असं अण्णांना मनातून वाटतं. लग्नानंतर दोन वर्षांनी त्यांनी हप्त्यांवर एच.एम.व्ही.चा फिएस्टा घेतला. लहानपणी अण्णा बाहेर गेले, की मी त्याचा खटका ७८ वर सरकवून थोर थोर गायकांना उंदरासारखं गायला लावत असे. त्याची शिक्षा म्हणूनच बहुधा माझी पुढची वीस वर्षं कॅशमध्ये गेली.

त्या वेळच्या तबकड्यांत माणिक वर्मांच्या भावगीतांची एक लहान ई.पी. होती. एका दिवाळीत ती लावून आईनं त्याच टेबलावर चकल्या पाडायला घेतल्या. भाजणी घट्ट झाली होती. आईनं सोऱ्यावर जोर दिला, टेबल हललं, सुई आडवी घसरली. तेव्हापासून एका कडव्यात सहा वेळा 'टक' यायची. अण्णा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चकली मागायची होती म्हणून बोलले. पुढे किती वर्षं ती जागा आली, की आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आली गं बाई माझी चकली!" आणि बाहेर अण्णा न हसण्याचा प्रयत्न करायचे.

फिएस्टा कधीच मोडीत गेला. तबकड्या ट्रंकेत राहिल्या. आई जाऊन सहा वर्षं झाली.

गेल्या दिवाळीत मला वाटलं, अण्णांना काही तरी द्यावं. ती ई.पी. मी सूक्ष्मकर्णांकडे नेली. त्यांनी नाक मुरडत, पण अत्यंत प्रेमानं ती धुतली, वाजवली आणि संगणकात उतरवून दिली. संगणकात खरखर काढायची सोय असते. मी ती वापरली. रात्री दोनपर्यंत बसून एकेक डाग काढला. गाणं असं स्वच्छ झालं, की ऑडिटरनं पाहिलं असतं तरी शेरा मारला नसता.

पाडव्याला सूक्ष्मकर्ण आपलं यंत्र रिक्षातून, मांडीवर बाळ घ्यावं तसं घेऊन आले. आधी त्यांची परीक्षा ठरली. हिच्या जुन्या साडीचा पडदा केला. आमची नववीतली कन्या पडद्याआड. त्यांचीच एक तबकडी, आणि तिच्यावरूनच जशीच्या तशी उतरवलेली फाईल. दोन्ही आवाज सारखे मोजून ठेवले, कारण जरा मोठं वाजतं तेच कानाला चांगलं वाटतं. सूक्ष्मकर्णांनी डोळे मिटले. दहा वेळा ऐकलं, दहा वेळा ठामपणे सांगितलं. पाच बरोबर आले. रुपया उडवला असता तरी साधारण तेवढेच आले असते, आणि रिक्षाभाडं वाचलं असतं.

"पडद्यामुळे सूर अडतोय," ते म्हणाले.

मग मी अण्णांना माझी भेट ऐकवली. अण्णा खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. गाणं संपलं.

"छान आहे," अण्णा म्हणाले. "कुणाची रेकॉर्ड?"

"अण्णा, आपलीच की!"

"आपली नव्हे. आपलीत चकली आहे."

सूक्ष्मकर्ण एकदम सावरून बसले. "बघा! मी सांगत नव्हतो? जीव गेला!" या आनंदात त्यांना एक गोष्ट दिसली नाही. अण्णांच्या दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत, आणि ती डिजिटल आहेत. तबकडी असो वा चकती, अण्णांच्या कानात जाण्याआधी प्रत्येक सुराचे आकडेच होतात. मी ते बोललो नाही. आदल्या रात्री दोनपर्यंत जागून मी नेमकं काय काय पुसलं होतं, त्याचा हिशेब डोक्यात चालला होता.

"बाबा, आधीची फाईल आहे ना?" कन्येनं विचारलं. बँकवाल्याची मुलगी, मूळ व्हाऊचर जपून ठेवते. तिनं ती आपल्या फोनवर लावली. ना त्रिकोण, ना कपाटाएवढा स्पीकर. चहाच्या टेबलावर पडलेला एक फोन. दुसरं कडवं आलं. टक. टक. अण्णांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली. सहाही झाल्या. तिकडून कुणी काही बोललं नाही.

"आली गं बाई माझी चकली," अण्णाच पुटपुटले. आणि मग न हसण्याचा प्रयत्न केला.

तेव्हा निकाल असा. आकड्यांनी पाहिलं तर डिजिटल जिंकतं. त्यात मी एका पैशाची फेरफार करणार नाही. तबकडी सुईखाली दर खेपेला अंशाअंशानं झिजते, फाईल झिजत नाही. म्हणूनच मी ती न धुतलेली फाईल तीन ठिकाणी ठेवली आहे, आणि रात्रभर धुतलेली पुसून टाकली. हे सूक्ष्मकर्णांना आपला विजय वाटतो, मला माझा. दोघांच्याही वह्या जुळल्यामुळे वाद मिटला आहे.

त्या दिवशी जाताना त्यांनी हिच्या हातच्या नऊ चकल्या खाल्ल्या. "चव अगदी अखंड आहे," म्हणाले. चकल्या यंदा विकतच्या होत्या. पण कानाची परीक्षा घेतलेल्या माणसाच्या जिभेची परीक्षा त्याच दिवशी घेऊ नये, एवढं बँकेत शिकलोय.